पंप लागला म्हणजे माणूस सरला?

"पंप लागी गया, आते सरनं." दम्याच्या माणसाला इनहेलर लिहून दिला की आपल्या खान्देशात हे हमखास ऐकू येतं. पंप म्हणजे जहाल औषध, असा समज; मग पंप कपाटात आणि गोळ्या चालू.

आता हिशेब बघा. सालबुटामॉलची (श्वासनळी उघडणाऱ्या औषधाची) एक गोळी 4 मिलिग्रॅमची, म्हणजे 4000 मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका दाबात 100. दोन दाब घेतले तरी गोळीचा विसावा हिस्सा, तोही थेट श्वासनळीत. गोळी रक्तातून अंगभर फिरते, म्हणून हात कापतात, छाती धडधडते. जहाल कोण, तुम्हीच ठरवा.

शिवाय हा पंप नळी तेवढ्यापुरती उघडतो. आतली सूज उतरवतो तो रोजचा, स्टिरॉइडचा पंप. जरा बरं वाटलं की लोक नेमका तोच बंद करतात!

घेण्याची पद्धतही बहुतेकदा चुकते. तोंडात फवारा मारला की औषध घशातच बसतं. डबी हलवा, स्पेसरला (पंप आणि तोंड यांच्यामधल्या पोकळ नळकांड्याला) लावा, श्वास पूर्ण सोडा, ओठ घट्ट मिटा. एक दाब, सावकाश खोल श्वास, मग दहा आकडे मोजेपर्यंत रोखा. दुसरा दाब अर्ध्या-एक मिनिटाने. स्टिरॉइड असेल तर चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. स्पेसर आठवड्याला साबणाच्या पाण्यात धुवा, पण फडक्याने पुसू नका. घासल्याने वीज साठते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. कॅप्सूल घालून तिची पावडर ओढायच्या यंत्राचं उलटं: तिथे श्वास जोरात ओढायचा. ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही आहेत.

बिडीला हात न लावलेल्या आजीला सीओपीडी (धुराने श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) कसा? चुलीत वर्षानुवर्षं पऱ्हाट्या जाळून. (भरिताची वांगी पऱ्हाटीवरच भाजावीत, वाद नाही, पण अंगणात.) दमा की सीओपीडी, हे फुंकायच्या चाचणीने, स्पायरोमेट्रीने ठरतं; नुसत्या एक्स-रेने नाही.

कापसाच्या धुळीत काम करणाऱ्याची छाती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी आवळत असेल आणि पुढे हलकी होत असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. तो धुळीचा आजार असू शकतो. रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही, एन-95 लागतो.

खोकला दोन आठवड्यांवर गेला तर सिरप बदलत बसू नका. सरकारी दवाखान्यात बेडका तपासा. टीबीची तपासणी, औषधं दोन्ही फुकट.

एक वाक्य एका दमात बोलता येईना, ओठ निळसर दिसले, तर माणसाला बसतं ठेवा, निळ्या, म्हणजे सालबुटामॉलच्या पंपाचे चार दाब स्पेसरमधून एकेक करून द्या आणि लगेच दवाखाना गाठा. डबीवरचा आकडा मात्र आजच बघून ठेवा. शून्यानंतरही फुसफुस येते, पण ती नुसत्या वायूची.