दहा हजार थ्रेड म्हणजे 80 जीबी रॅम?

थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधला कामाचा एक स्वतंत्र धागा. सध्या त्याबद्दल एक हिशेब फार फिरतोय: "लिनक्सवर प्रत्येक थ्रेड 8 एमबी रॅम खातो. 10,000 थ्रेड म्हणजे 80 जीबी. वर कॉन्टेक्स्ट स्विचने सर्व्हर मरतो. म्हणून सगळा कोड असिंक करा." (कॉन्टेक्स्ट स्विच म्हणजे सीपीयूने एक थ्रेड सोडून दुसरा घेणं; असिंक म्हणजे वाट बघण्यात थ्रेड अडकवून न ठेवणारा कोड.) गुणाकार बरोबर आहे, बाकी गडबड.

8 एमबी ही स्टॅकसाठी, म्हणजे थ्रेडच्या फंक्शन कॉल्सच्या तात्पुरत्या नोंदींसाठी, राखलेली व्हर्च्युअल जागा: नुसते पत्ते, रॅम नव्हे. रॅम जाते ती प्रत्यक्ष वापरलेल्या 4 केबीच्या पेजेसपुरती, म्हणजे मेमरीच्या तुकड्यांपुरती. 'टॉप' या कमांडमधला व्हर्च्युअलचा आकडा बघून घाबरायचं आणि रेसिडेंटचा (खरोखर रॅममध्ये असलेला) बघायचाच नाही, असं चाललंय.

कॉन्टेक्स्ट स्विचचंही तेच. सॉकेटवर (नेटवर्क जोडणीवर) वाट बघत झोपलेला थ्रेड शेड्युलरच्या, म्हणजे सीपीयूचा वेळ वाटणाऱ्याच्या, रांगेत नसतोच. 10,000 पैकी 50 जागे असतील, तर सीपीयूसाठी भांडण त्या 50 चंच. सगळेच गणितं करत असतील तर गोष्ट वेगळी, पण मग असिंकनेही 8 कोअरचे 9 होत नाहीत.

खरी गोची या हिशेबात आलेलीच नाही. दर रिक्वेस्टला नवा थ्रेड काढायचा आणि काम झालं की संपवायचा, ही सवय महागात पडते. नव्या स्टॅकसाठी एमएमॅप करताना, म्हणजे कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) जागा मागताना, अख्ख्या प्रोसेसच्या मेमरी नकाशाचं लॉक घ्यावं लागतं. थ्रेड संपल्यावर ग्लिबसी (लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी) त्याचा स्टॅक पुढच्यासाठी ठेवून देते खरी, पण या कॅशची डीफॉल्ट मर्यादा 40 एमबी. म्हणजे 8 एमबीचे जेमतेम पाच स्टॅक! उरलेल्यांचं म्युनमॅप होतं (जागा कर्नलला परत जाते), तेच लॉक पुन्हा घेतलं जातं, आणि त्या प्रोसेसचे थ्रेड ज्या कोअरवर चालू असतील त्यांना मध्येच थांबवून टीएलबी (मेमरीच्या पत्त्यांची सीपीयूतली कॅश) साफ करायला लावलं जातं. मग प्रोफाइलमध्ये, म्हणजे वेळ कुठे गेला त्या नोंदीत, आपला कोड कमी, कर्नलच जास्त. यावर साधा थ्रेड पूल पुरतो: थ्रेड एकदाच काढायचे आणि पुन्हा पुन्हा वापरायचे.

आणि असिंक केलं की सुटलो? डेटाबेसला 20 च कनेक्शन असतील, तर थ्रेड असोत की कोरूटीन (असिंक कोडमधली हलकी कामं), एकविसावा ताटकळणारच.

थ्रेडच्या संख्येला मर्यादा आहेच, पण बहुतेकदा ती रॅमच्या आधी दुसरीकडेच लागते: कंटेनरची पिड्स मर्यादा (किती प्रोसेस आणि थ्रेड चालतील ती), किंवा कर्नलचं मॅक्स-मॅप-काउंट (एका प्रोसेसच्या मेमरी नकाशात किती तुकडे चालतील तो आकडा), मूळ 65,530. स्टॅक आणि त्याचं गार्ड पेज (स्टॅक ओसंडला तर पकडणारं राखीव पान) वेगळे मोजले गेले, तर साधारण 32,000 थ्रेडलाच गाडी अडते. जावा तेव्हा 'आउटऑफमेमरीएरर: अनेबल टू क्रिएट नेटिव्ह थ्रेड' म्हणते, आणि लोक हीप (जावाच्या ऑब्जेक्टची मेमरी) वाढवायला धावतात. स्टॅक हीपमध्ये नसतातच. हीप वाढवली तर त्यांची जागा उलट आकसते.