त्या कुलपावरून

काल कट्ट्यावर विषय अर्थातच तोच. डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि समज हळूहळू जाण्याचा आजार, असलेल्या आईला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावून कामावर गेलेला तो बातमीतला माणूस. सगळ्यांनी वाचलंय, परत सांगत बसत नाही. मी पोचलो तेव्हा नंद्याचा आवाज टिपेला गेलेला, एका हाताचं बोट हवेत आणि दुसऱ्या हातात मोबाईल, त्यावर आईच्या उपकारांचं कुणीतरी पाठवलेलं काहीतरी, आणि ते तो ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्याला वाचून दाखवत होता.

"असल्याला आत टाकला पाहिजे. जन्मदात्या आईला कोंडतो? आपल्या लहानपणी घरोघर म्हातारी माणसं होती, विसरायची, बडबडायची, कुणी बाऊ केला नाही. वय झालं की होतंच ते."

दिलीप कठड्यावर बसून चपलेच्या अंगठ्याशी खेळत होता. काही बोलला नाही. वैजू बोलली.

"नंद्या, रात्री तीन वाजता उठून कुणाच्या मागे रस्त्यावर धावलायस कधी?"

"विषय तो नाहीये."

"विषय तोच आहे."

वैजूने सासऱ्यांचं सहा वर्षं केलंय हे आम्हाला माहीत होतं, पण काय केलं ते कुणी कधी विचारलंच नव्हतं, हे माझ्या काल लक्षात आलं आणि वाईट वाटलं. ती सांगायला लागली की दिवेलागण झाली की सासरे उठून म्हणायचे, मला घरी जायचंय. चाळीस वर्षं राहिले त्याच घरात बसून. पहिले काही महिने ती वाद घालायची, दारावरची नावाची पाटी दाखवायची, ते अजून चिडायचे. मग एक दिवस तिने त्यांना बूट घातले, पिशवी हातात दिली, खाली नेलं, एक फेरी मारून परत वर आणलं आणि म्हणाली, आलो बघा घरी. ते खुर्चीत टेकले आणि म्हणाले, बरं झालं, वेळेत पोचलो. पुढे रोज संध्याकाळी हेच.

"आणि ज्या दिवशी मला ताप होता ना, त्या दिवशी मीही बाहेरून कडी घातली. दोन तास. चल, मलाही टाक आत."

नंद्या मिनिटभर गप्प. पण तो नंद्या. "तुझं वेगळं गं, तू केलंस तरी. हल्लीच्या लोकांना करायलाच नको असतं."

इथे मिलिंद घुसला. त्याला आम्ही 'आकडे' म्हणतो, कुठलाही विषय काढा, याच्याकडे आकडा तयार. जागतिक आरोग्य संघटनेचा म्हणे हिशोब आहे, 2021 मध्ये जगात 5 कोटी 70 लाख लोकांना डिमेन्शिया होता आणि दरवर्षी जवळपास 1 कोटी नवे. यांचं करणारे घरचे लोक रोज सरासरी 5 तास देतात. आणि डिमेन्शियाच्या माणसाची काळजी घेण्यात जे तास जातात त्यातले 70 टक्के बायकांचे.

"70," वैजू म्हणाली. "आता सांग नंद्या, तुझ्या वडिलांचं कुणी केलं?"

नंद्याने मोबाईल खिशात टाकला.

"तू दर रविवारी यायचास. वहिनीला सांगायचास की बाबांना कोडी सोडवायला द्या, मेंदूला चालना मिळते, आणि साडेसहाला निघायचास. त्याच वहिनीने मला एकदा जिन्यात गाठून विचारलं होतं, मी तीन तास सलग झोपले तर चालेल का गं."

कुणीच काही बोललं नाही. मला वाटलं आता नंद्या उठून जाणार, पण तो उलट अजून चढला. "मग काय, संस्थेत टाकायचं?"

"बघ, शब्द बघ तुझा! पोराला पाळणाघरात ठेवतात आणि म्हाताऱ्याला टाकतात. डे केअर म्हणजे सकाळी नेऊन सोडायचं, संध्याकाळी घरी आणायचं. तेवढ्यात करणाऱ्याने अंघोळ करावी, बँकेत जावं, भिंतीकडे बघत बसावं, काहीही. यात टाकणं कुठे आलं?"

मला वैजूचं शंभर टक्के पटतं, आणि हेही वाटतं की आपण 'काही लागलं तर सांग' म्हणतो ते बंद केलं पाहिजे. ज्याचं डोकं चोवीस तास दुसऱ्याच्या दाराकडे लागलंय त्याला काय लागतंय हे सुचत नाही. मंगळवारी तीन ते पाच मी बसतो असं म्हणा, लगेच कळतं त्याला.

मिलिंदने मग नेदरलँड्स काढलं. तिथे 1997 मध्ये बेरे मीसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अल्झायमर कॅफे सुरू केला (अल्झायमर म्हणजे डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार), आजारी माणूस आणि त्याचं करणारा दोघांनी सोबत यायचं, कुणीतरी जाणकार थोडं बोलणार, मग गप्पा, मग प्रश्न. आणि तिथलंच वेस्पमधलं होगेवेक, 2009 पासूनचं, अख्खी वस्तीच डिमेन्शियाच्या लोकांसाठी. रस्ते, दुकान, थिएटर, घरं, सहा-सात जण एका घरात, हवं तिकडे फिरा. फक्त वस्तीच्या बाहेर पडायचं दार राखलेलं.

नंद्या ताडकन उठला. "म्हणजे तिथेही कुलूपच की!"

"हो, कुलूपच," वैजू म्हणाली. "पण वेशीला आहे, खोलीला नाही. आणि आत माणसं आहेत."

तेव्हा दिलीप बोलला. हळू, चपलेकडेच बघत. "मी पण लावतो."

दिलीपची आई म्हणजे आम्हा सगळ्यांची काकू. आम्हाला माहीत होतं तिचं डोकं चालत नाहीये, पण इतकं माहीत नव्हतं. कुणीतरी त्याला सांगितलं की दाराशी काळी चटई टाक, अशा माणसाला ती खड्ड्यासारखी दिसते, ओलांडत नाहीत. त्याने टाकली. काकू चटईच्या काठाशी येऊन कितीतरी वेळ वाकून बघत उभी राहिली आणि याचा हात घट्ट धरून विचारलं, "खाली कोण पडलंय रे?" त्या रात्री त्याने चटई गुंडाळली आणि परत कुलूप आणलं.

मागच्या महिन्यात ती दोन दिवसांत एकदम बिघडली, कुणाशीही भांडायची, भिंतीशी बोलायची, सगळे म्हणाले आजार वाढला. निघालं लघवीचं इन्फेक्शन, औषधाने बरंचसं उतरलं. हा दोन रात्री एकटा बसून होता. अशा वेळी उचलला जाईल असा एक हेल्पलाईनचा नंबर हाताशी नव्हता, बास, एवढंच म्हणाला तो.

"शनिवारी चार ते सात मी येते," वैजू म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. मी बुधवार घेतला.

नंद्या पुटपुटला, "बाहेरच्या माणसाला काय जमतंय हे."

"जपानमध्ये 2005 पासून डिमेन्शियाच्या माणसाशी कसं वागायचं याचं दीड तासाचं ट्रेनिंग देतात साध्या लोकांना," मिलिंद म्हणाला, "1 कोटीच्या वर लोकांनी घेतलंय. दीड तास तर तू रोज फॉरवर्ड वाचतोस. आणि वयाचं सांगू नको, अल्झायमर नावाच्या जर्मन डॉक्टरने ज्या बाईवरून त्याच्या नावाचा हा आजार 1906 मध्ये मांडला ती दवाखान्यात आली तेव्हा 51 ची होती."

नंद्या त्रेपन्नचा. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. हात आपोआप खिशाकडे, मोबाईल आहे का, किल्ली आहे का. मिलिंद हसत सुटला.

"ये की तू पण," दिलीप म्हणाला. "आईला आवडेल. मला कधीकधी दादा समजते, पण तू पक्का लक्षात आहेस. परवाच विचारत होती, तो काच फोडणारा नंद्या येतो का रे हल्ली."

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, काकूंच्या खिडकीची काच आमच्या सातवीत फुटली आणि तेव्हापासून नंद्या शपथेवर सांगत आलाय की चेंडू दिलीपचा. आजवर निकाल लागला नव्हता.

"तिची साक्ष कशी धरायची?" नंद्या ओरडला. "तिला सकाळचं आठवत नाही!"

"सकाळचंच जातं रे आधी," मिलिंद डोळे पुसत म्हणाला, "जुनं जास्त काळ टिकतं. साक्ष पक्की आहे."

"रविवारी ये," वैजू म्हणाली. "सल्ले घरी ठेव, काच घेऊन ये."

दिलीप किती दिवसांनी असा हसताना दिसला. मग घड्याळ बघितलं, शेजारची मुलगी आठपर्यंतच बसणार होती, आणि चपला अडकवून भराभर चालायला लागला. नंद्या मागून ओरडतच होता, चेंडू तुझाच होता!