न्हाणीच्या पाण्यावर द्राक्षवेल? आधी जागा पारखा

"द्राक्षाचा वेल कोकणात कुठेही येतो. मे महिन्यात ऊन पडेल ती जागा बघा, न्हाणीच्या पाण्यावर लावा, आंब्यावर चढू द्या, दुसऱ्या वर्षी घड." हा मेसेज सध्या सगळ्या ग्रुपांवर फिरतोय आणि तो वाचून लोक रोपं आणताहेत. त्यातला प्रत्येक सल्ला वेलाच्या मुळावर येणारा आहे.

न्हाणीकडे अळू आणि केळ माजतात, द्राक्षाची मुळं मात्र कुजतात. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तासगावच्या द्राक्षपट्ट्यात त्याच्या पावपटही नाही. जुलैत पावसाने उघडीप दिली की हातभर खड्डा काढून बघा. दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी दिसलं तर ती जागा सोडा. पागोळ्यांखालची जागाही नको. सखल परसात दुसरी जागाच नसेल तर जांभ्याचे चिरे रचून दीड-दोन फूट उंच वाफा करा.

सगळ्यात फसवा सल्ला मे महिन्याच्या उन्हाचा. मे-जूनमध्ये आपल्याकडे सूर्य भरदुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे घराच्या उत्तरेलाही लख्ख ऊन दिसतं. पण घड धरतात ते ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, आणि पिकतात फेब्रुवारी-मार्चमध्ये. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो. तेव्हा 20 फूट उंच घराची सावली भरदुपारीसुद्धा उत्तरेला सुमारे 17 फूट पडते. म्हणून जागा डिसेंबरातच बघावी: सकाळी नऊला ऊन कुठे, दुपारी तीनला कुठे. निदान सहा-सात तास हवेत. त्यातही पूर्वेकडून मोकळी जागा मला सर्वांत मोलाची वाटते. थंडीत आपल्याकडे दव दाट पडतं, पानं उशिरापर्यंत ओली राहिली की केवडा, म्हणजे पानांवरचा बुरशीचा रोग, आलाच. सकाळचं ऊन ती लवकर सुकवतं. याच कारणासाठी भिंतीपासून दोन-तीन फूट सोडून लावा, वारा खेळला पाहिजे.

मात्र हा वारा थेट समुद्रावरचा नको. खाऱ्या वाऱ्याने पानांच्या कडा करपतात, तेव्हा किनाऱ्यालगत घराच्या आडोशाची बाजूच बरी.

राहिला आंबा. सावली आणि मुळांची ओढाताण आहेच, पण खरी अडचण छाटणीची. घड येतात ते मागच्या हंगामाच्या काडीवर फुटलेल्या नव्या फुटीला. एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्या फुटाव्यात म्हणून केलेली आखूड छाटणी) आणि ऑक्टोबरची फळछाटणी चुकली की वेल नुसता पसरतो. आंब्याच्या शेंड्याला गेलेल्या वेलाला कात्री कशी लावणार? हात पोचेल असा सहा फुटी मांडवच घाला.