विनोदाने इतिहासाचं वाटोळं होतं? ‘हॉरिबल हिस्टरीज’वरच्या आक्षेपांना उत्तर

‘विनोदातून इतिहास शिकवला की मुलांच्या लक्षात फक्त विनोद राहतो. हसवायचं म्हटलं की सत्य वाकवावं लागतं. आणि शेवटी मुलं आपल्याच देशाची, आपल्याच थोरामोठ्यांची टिंगल करायला शिकतात.’ हा दावा पालक करतात, शिक्षक करतात, आणि ब्रिटनमध्ये तर तो मंत्र्यांनी आणि नामवंत पत्रकारांनीही जाहीरपणे केला आहे. मी माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. तिथल्या ज्या कार्यक्रमावरून हा वाद सर्वाधिक झाला, त्यातली प्रहसनं मी वर्गात दाखवत आले आहे. म्हणून या दाव्याला मुद्द्यागणिक उत्तर द्यावंसं वाटतं.

कार्यक्रमाचं नाव ‘हॉरिबल हिस्टरीज’. टेरी डिअरी यांनी १९९३ पासून लिहिलेल्या मुलांच्या पुस्तकांवरून बीबीसीच्या ‘सीबीबीसी’ या बालवाहिनीवर तो २००९ मध्ये सुरू झाला. दुसऱ्याच वर्षी ब्रिटिश कॉमेडी अवॉर्ड्समध्ये मोठ्यांच्या कार्यक्रमांना मागे टाकून त्याने सर्वोत्तम प्रहसन-मालिकेचा पुरस्कार मिळवला. दोन-तीन मिनिटांची स्किट्स असतात. बॉब हेल नावाचा वार्ताहर लांबलचक तक्त्यासमोर धावत एखादं आख्खं युद्ध सांगून टाकतो, दुसरा चार्ल्स राजा रॅप गातो, चार जॉर्ज राजे बॉयबँड बनून नाचतात. मध्येच रॅटस रॅटस नावाचा बाहुला-उंदीर डोकावतो आणि आत्ता पाहिलेलं खरंच घडलं होतं, असं सांगतो.

पहिला आक्षेप घाणीवर आहे. शी, शू, उवा, छाटलेली मुंडकी, एवढंच मुलांच्या लक्षात राहतं म्हणे. राहतं, हे खरं आहे. पण तिथेच थांबतं का? आठव्या हेन्रीच्या दरबारात राजाच्या शौचाची व्यवस्था पाहणारा एक अधिकारी असे. हे ऐकून वर्ग पाच मिनिटं हसतो, मी हसू देते. मग विचारते, राजाच्या इतक्या जवळ, एकांतात, रोज जाणारा माणूस दरबारात किती वजनदार असेल? हेन्री नॉरिस हा असाच अधिकारी होता. १५३६ मध्ये हेन्रीची राणी ॲन बोलिन हिच्याशी संबंध असल्याच्या आरोपावरून त्याचा शिरच्छेद झाला. राजाच्या कानाशी कोण लागतो, त्याचा हेवा कोणाला वाटतो, त्याला संपवण्यात कोणाचा फायदा असतो, हा दरबारी राजकारणाचा गाभा मुलांना त्या शौचकूपाच्या दारातून कळतो. रोमन धोबी कपडे धुवायला मूत्र वापरत, याचंही तसंच. त्या मूत्रावर व्हेस्पेशियन बादशहाने कर बसवला होता, हे सांगितलं की मुलं करपद्धतीबद्दल आपणहून प्रश्न विचारू लागतात. करपद्धतीच्या धड्यावर मला एरवी असे प्रश्न कधीच आले नाहीत.

आणि हसत हसत शिकवणं आपल्याला परकं आहे का? नाथांनी भारुडात सोंगं आणली ती सोळाव्या शतकात. कीर्तनात हशा पिकतो म्हणून कोणी कीर्तनाला उथळ म्हणत नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे. विनोदासाठी सत्य वाकवलं जातं, असं म्हणणाऱ्यांकडे एक खरं उदाहरण आहे आणि ते मी लपवणार नाही. मेरी सीकोल ही जमैकात १८०५ मध्ये जन्मलेली स्त्री. क्रिमियन युद्धात जखमींची सेवा करण्यासाठी परिचारिका म्हणून जाण्याचा तिने १८५४ मध्ये लंडनमध्ये प्रयत्न केला. तिला नकार मिळाला, तेव्हा ती स्वतःच्या खर्चाने गेली आणि क्रिमियातल्या बालाक्लाव्हा बंदराजवळ तिने सैनिकांसाठी खाणावळ आणि दुकान चालवलं. एका स्किटमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेलनेच तिला वर्णावरून झिडकारल्याचं दाखवलं होतं. त्याला पुरावा नाही. सीकोल खेटे घालत होती तेव्हा नाइटिंगेल आधीच तुर्कस्तानकडे निघून गेली होती. पुढे दोघी तुर्कस्तानात स्कुटारीला, नाइटिंगेलच्या लष्करी इस्पितळात भेटल्या, आणि तिथे सीकोलच्या रात्रीच्या मुक्कामाची सोय केली गेली. तक्रार झाली, आणि २०१४ मध्ये बीबीसीवर तेव्हा देखरेख करणाऱ्या बीबीसी ट्रस्टने हे चित्रण अचूक नसल्याचा निर्वाळा दिला.

ही चूकच होती. एका माणसावर न केलेल्या अन्यायाचा ठपका ठेवणं मुलांच्या कार्यक्रमात तर मुळीच चालू नये. पण यातून ‘विनोद म्हणजे असत्य’ हा निष्कर्ष कसा निघतो? ग्रेग जेनर यांच्यासारखा इतिहासाचा अभ्यासक सल्लागार म्हणून पटकथा तपासायला होता. ‘हे खरं आहे’ असं कार्यक्रम स्वतःच सांगत होता, म्हणूनच कोणाला तरी ‘हे खरं नाही’ असं म्हणता आलं आणि त्याची दखल घेतली गेली. शिवाय चूक कुठे होती तेही बघा. नकार खरा होता. त्यामागे आपल्या कातडीचा रंग होता का, ही शंका सीकोलने स्वतः १८५७ च्या आत्मकथनात बोलून दाखवली आहे. चुकलं ते नकार देणाऱ्याचं नाव. अशी चूक अत्यंत गंभीर चेहऱ्याने लिहिलेल्या चरित्रातही होऊ शकते, तिचा हशाशी संबंध नाही.

दुःखाची थट्टा होते, हा आक्षेप मी थोडक्यात घेते. २०१४ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी तक्रार केली की ‘ब्लॅकॲडर’ या बीबीसीच्याच विनोदी मालिकेसारख्या कार्यक्रमांमुळे पहिल्या महायुद्धाचं विपर्यस्त चित्र लोकांच्या मनात बसलं. सेनापतींच्या मूल्यमापनाबद्दल त्यांच्याशी वाद घालता येईल, मतभेद इतिहासकारांतही आहेत. पण त्या मालिकेचा १९८९ मधला शेवटचा प्रसंग ज्याने पाहिला आहे, त्याला थट्टेबद्दल काही सांगावं लागत नाही. विनोद थांबतात, माणसं खंदकातून वर चढतात आणि त्या जागी पॉपीच्या, म्हणजे ब्रिटनमध्ये युद्धातल्या मृतांची आठवण मानल्या जाणाऱ्या लाल फुलांचं शेत उरतं.

आता देशाच्या अपमानाचा मुद्दा. जानेवारी २०२० मध्ये, ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडत असताना, विनोदी कलाकार निश कुमार यांनी सादर केलेल्या ‘हॉरिबल हिस्टरीज’च्या विशेष भागातून एक जुनं गाणं पुन्हा पुढे आलं. त्यात व्हिक्टोरिया राणी चहा, साखर आणि सुती कपडे या ‘ब्रिटिश’ गोष्टींचं कौतुक करते, आणि या सगळ्या बाहेरून आल्या, त्यांच्यामागे गुलामांचे कष्ट आहेत, असं तिचा नोकर तिला सांगतो. हे ब्रिटनविरोधी आणि आपल्याला कमी लेखण्यासाठीच केलेलं आहे, अशी टीका पत्रकार अँड्र्यू नील यांनी ट्विटरवर केली.

गाणं खरं की खोटं, एवढंच मला बघायचं आहे. कोणी म्हणेल, गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ चा आणि व्हिक्टोरिया गादीवर आली १८३७ मध्ये, मग गुलाम कुठून आले? कायदा ब्रिटिश वसाहतींपुरता होता, आणि भरपाईचे दोन कोटी पौंड मिळाले ते मालकांना, गुलामांना नाही. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या हातून येत होता, आणि तो यादवी युद्ध सुरू होईपर्यंत, म्हणजे १८६१ पर्यंत येत राहिला. तो थांबला तेव्हा त्या गिरण्या वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाकडे वळल्या. मुंबईत पैशांचा पाऊस पडला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपून भाव कोसळल्यावर तीच मुंबई बुडाली. राणीच्या त्या सुती कपड्याचा एक धागा आपल्या पेठांपर्यंत येतो.

साखरेचंही तसंच. मुक्त झालेल्या गुलामांच्या जागी उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले. मॉरिशसमध्ये आज मराठी समाज आहे. त्यातल्या अनेकांचे पूर्वज रत्नागिरीच्या बाजूने बोटीत बसले होते. चहा आधी चीनमधून येई, आणि त्याची किंमत चुकवायला हिंदुस्थानातली अफू चीनला जाई. माळव्याची अफू तर मुंबई बंदरातूनच रवाना होत असे.

हे मी वर्गात फळ्यावर मांडते तेव्हा मुलं ब्रिटनचा द्वेष करायला लागत नाहीत. ती नकाशा मागतात. कोकणातून मॉरिशस किती लांब, बोटीला किती दिवस लागायचे, गेलेले परत आले का, असं विचारतात. आणि इंग्लंडच्या मुलांना हेच कळलं, तर त्यात कोणाचा अपमान होतो, हे मला खरोखर समजत नाही.

सीकोलच्या वेळी तक्रारदारांनी नेमक्या प्रसंगावर बोट ठेवलं होतं, त्यांचं म्हणणं तपासलं गेलं आणि ते बरोबर ठरलं. नील यांच्या त्या ट्वीटमध्ये गाण्यातली कोणती ओळ खोटी आहे, हे सांगितलेलं नव्हतं.