शेवटच्या खुर्चीवर बसून बघा

ऑफिसच्या मीटिंग रूमसाठी स्क्रीन घ्यायची ठरली की सगळेच जाणकार होतात. कुणाचा मेहुणा टीव्हीच्या दुकानात असतो, कुणी सेलचा स्क्रीनशॉट टाकतं, आणि साहेब म्हणतात, "माझ्या हॉलमध्ये ५५ इंची आहे, झकास दिसतो. तोच आणा."

आणला. पहिल्याच कॉलला पलीकडून एक्सेल शीट शेअर झाली आणि टेबलाच्या टोकाला बसलेले आमचे अकाउंट्सवाले काका उठून थेट टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले. मग मागच्यांना फक्त काका दिसत होते.

घरी आपण सिनेमा बघतो, ऑफिसात आकडे वाचतो. हा फरक दुकानदार सांगत नाही. एव्ही (ऑडिओ-व्हिज्युअल) लाइनमधल्या लोकांचा एक साधा ठोकताळा आहे: बारीक मजकूर वाचायचा असेल तर शेवटची खुर्ची स्क्रीनच्या उंचीच्या चौपटीपेक्षा लांब नको. नुसती ठळक स्लाइड बघायची तर सहापट चालते. इथे उंची म्हणजे उभं माप, जाहिरातीतले इंच तिरके असतात. ५५ इंची टीव्हीची उंची जेमतेम २७ इंच, म्हणजे एक्सेल वाचायला ९ फूट. आमची शेवटची खुर्ची होती १५ फुटांवर! काकांच्या डोळ्यांचा काही दोष नव्हता.

हिशोबाने ९२ इंची हवा होता. तो बजेटमध्ये बसेना, म्हणून ७५ इंची घेतला आणि टेबल पावणेतीन फूट पुढे ढकललं. (सप्टेंबर २०२५ मध्ये ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचाही हातभार लागला.)

या वेळी दुकानात जाताना आपलाच लॅपटॉप, केबल आणि आपलीच शीट घेऊन गेलो. तिथे सगळ्या टीव्हींवर मोर नाचत असतात, धबधबे कोसळत असतात. त्यात कुठला टीव्ही वाईट दिसणार? शीट लावल्यावर एकाने कडेचा कॉलमच खाल्ला, दुसऱ्यावर लाल अक्षरं फिसकटली. पिक्चर मोड बदलल्यावर दोन्ही सुधारलं, पण ते सेटिंग सेल्समनलाही शोधावं लागलं.

फोर-के घ्या, पण चेहरे छान दिसतील म्हणून नको. कॉलवरचे चेहरे बऱ्याचदा फोर-केपेक्षा कमी, ७२० किंवा १०८० रेषांमध्येच येतात. फायदा होतो तो शेअर केलेल्या ड्रॉइंगला. आमची खिडकी पश्चिमेची, त्यामुळे चकचकीत काचेवर चार वाजता आमचीच प्रतिबिंबं बघत बसायचो. आता मॅट स्क्रीन घेतली, ऑफिसवापराची. वॉरंटीचा कागदही वाचला, कारण घरगुती टीव्ही ऑफिसात लावला तर बऱ्याच कंपन्या हात वर करतात.

टच पॅनेलचा मोह मात्र मी हट्टाने टाळला. ओळखीच्या तीन ऑफिसांत ती आहेत, आणि त्यांच्यावर बोट फक्त पुसणारा फिरवतो.

अजून एक. पहिला टीव्ही सुताराने पार छताजवळ ठोकला होता आणि कॅमेरा त्याच्याही वर. क्लायंटला आमची टकलं तेवढी दिसायची. आता स्क्रीन खाली घेतली, कॅमेरा तिच्या खालच्या कडेला, बसलेल्या माणसाच्या नजरेला. भिंतीतली जुनी भोकं अजून बुजवायची आहेत.

५५ इंची कँटीनमध्ये गेला. मॅच बघायला तो खरंच झकास आहे, साहेबांचं तेवढं बरोबर होतं.