मूळ कारण नेहमी पुरवठादाराकडेच कसे सापडते?

वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यात, गुणवत्ता विभागात रुजू होणाऱ्या नवख्या अभियंत्याला कोणी आधी सांगत नाही, की भाग तपासण्यापेक्षा दुसऱ्याचा दोष आपल्या कारखान्याच्या नावावर लिहून देणे हेच त्याचे मोठे काम असणार आहे. चाकणमधील माझ्या पहिल्या नोकरीतला तो संताप अजून शमलेला नाही.

एम८ (८ मिमी बोल्टचा) नट वेल्ड केलेले एक ब्रॅकेट आम्ही पुरवत होतो. बोल्ट आत जात नाही, गाडी जोडणीची लाइन थांबली आहे, ताबडतोब माणूस पाठवा, असा ग्राहक कंपनीतून फोन आला. गेट पाससाठी ताटकळल्यावर स्टोअरच्या कोपऱ्यात उभ्यानेच एकेका बिनमधील नटांत मी थ्रेड गेज, म्हणजे आटे बरोबर आहेत का ते तपासण्याचे माप, फिरवून पाहिले. आत जायलाच हवी ती ‘गो’ बाजू हाताने अलगद आत जात होती, जाता कामा नये ती ‘नो-गो’ अडत होती. म्हणजे आटे ड्रॉइंगप्रमाणेच होते. लाइनवर गेल्यावर खरा प्रकार दिसला. बोल्ट आधी हाताने दोन आटे बसवून न घेता थेट हवेच्या दाबावर चालणाऱ्या न्यूमॅटिक गनने दाबला जात होता, आणि गनखाली तिरका शिरलेला बोल्ट नटाचे आटे कापणारच. सायकल टाइम, म्हणजे एका भागामागे मिळणारा वेळ, इतका आवळलेला होता की तिथल्या कामगाराला बोल्ट हाताने धरायची उसंतच नव्हती. त्या बिचाऱ्याला बोल लावण्यात काय अर्थ?

हे सगळे मी फोटोंसह ८डी अहवालात, म्हणजे तक्रारीचे मूळ कारण व उपाय आठ टप्प्यांत लिहून द्यायच्या अहवालात, मांडले. अहवाल परत आला. सुधारून पाठवला, तरी ‘मूळ कारण मान्य नाही’ एवढाच शेरा. पाच वेळा ‘का’ विचारून तळाशी पोहोचायचे ही पद्धत चांगलीच आहे, पण पाचवे उत्तर पुरवठादाराच्याच दारात सापडले पाहिजे असे आधी ठरले असेल, तर ती चौकशी नव्हे, लिहून घेतलेला कबुलीजबाब आहे. अखेर आमच्या वरिष्ठांनी ‘ऑपरेटरकडून तपासणी राहिली, प्रशिक्षण दिले’ असे लिहून तक्रार बंद करून घेतली. वेल्डिंगवरच्या ज्या कंत्राटी मुलाने काहीही चुकवले नव्हते, त्याला ‘ब्रेक’ देण्यात आला, म्हणजे कामावरून बसवण्यात आले.

लाइन थांबल्याचा आणि सॉर्टिंगचा, म्हणजे भाग एकेक करून निवडण्याचा, खर्च डेबिट नोट काढून आमच्या बिलातून परस्पर वळता झाला. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म व लघू उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागतात आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते; पण पुढच्या महिन्याचे शेड्यूल, म्हणजे पुरवठ्याची मागणी, दुसऱ्याकडे जाईल या धास्तीने ते कलम दाखवायची हिंमत कोण करतो? वर दरवर्षी भाव कमी करून द्यायचे, ते वेगळेच.

गन मात्र तशीच तिरकी चालत राहिली. काही दिवसांनी तसेच कापलेले आटे ‘रिपीट कम्प्लेंट’ म्हणून परत आले, आणि पहिल्या अहवालातील उपाय का टिकला नाही याचा खुलासा चोवीस तासांत द्या, असे फर्मान पुन्हा आमच्यावरच निघाले.