पुतणीच्या लघुप्रबंधाचा विषय

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावी बसथांब्याजवळच्या कडुनिंबाभोवती बांधलेला पार हाच आमचा कट्टा आहे. शेजारी पानठेला आणि समोर चहाची टपरी असून, संध्याकाळची शेवटची एसटी येऊन गेली की आम्ही चौघे शाळासोबती तेथे जमतो. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. एक मित्र महाविद्यालयात इतिहासाचा प्राध्यापक आहे आणि आम्ही त्याला वर्गमित्र असूनही ‘सर’ म्हणतो. दुसरा कृषी पदवीधर असून घरची कपाशी, तूर आणि हरभरा करतो. तिसऱ्याचे तालुक्याला झेरॉक्सचे दुकान आहे. गेल्या आठवड्यात माझी पुतणी, जी एम.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शेवटच्या एसटीने उतरली आणि घरी न जाता सरळ पारावर आली, कारण लघुप्रबंधाचा विषय सोमवारपर्यंत द्यायचा होता आणि हातात तिच्या महाविद्यालयातून मिळालेली विषयांची यादी होती.

यादी सर्व शाखांसाठी होती. ‘1857 चा उठाव : कारणे आणि परिणाम’, ‘शिवकालीन प्रशासन : एक अभ्यास’, ‘ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रण’, ‘प्लास्टिक प्रदूषण : समस्या आणि उपाय’, ‘समाजमाध्यमांचा तरुणांवरील परिणाम’ असे तीस-पस्तीस विषय तीत होते. झेरॉक्सवाल्या मित्राने ती हातात घेतली आणि म्हणाला, “हे सगळे प्रबंध माझ्या दुकानात बांधले गेले आहेत. फेब्रुवारी लागला की पोरं पेनड्राइव्ह घेऊन येतात. नाव, हजेरी क्रमांक आणि वर्ष बदलतं, आतली पानं तीच राहतात. काही पोरं तर मलाच विचारतात की मागच्या वर्षीची फाइल आहे का.” हे तो हसत सांगत नव्हता. आपल्या हातून चुकीचे काही होत असल्याची खंत त्याच्या बोलण्यात होती.

सरांनी यादीची बाजू घेतली, आणि ती बाजू पोकळ नव्हती. हे विषय पुन्हा पुन्हा येतात, कारण ते महत्त्वाचे आहेत. त्यांवर ग्रंथ उपलब्ध आहेत. पहिल्यांदाच संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याने आधी साधने कशी वाचायची, दोन पुरावे एकमेकांविरुद्ध गेले तर काय करायचे, हे शिकावे, आणि त्यासाठी मळलेली वाट बरी असते, असे त्याचे म्हणणे. “विषय जुना असण्यात दोष नाही, प्रश्नच नसण्यात दोष आहे,” तो म्हणाला. “1857 घ्या. वऱ्हाड 1853 मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. म्हणजे उठाव झाला तेव्हा इथला नवा अंमल अवघा चार वर्षांचा होता. मग त्या वर्षी वऱ्हाडात काय घडलं आणि काय घडलं नाही, असं विचारलं की तोच विषय उभा राहतो. आल्फ्रेड लायलने संपादित केलेलं वऱ्हाडाचं गॅझेटियर 1870 चं आहे, तिथून सुरुवात करता येते. पण ‘कारणे आणि परिणाम’ म्हटलं की विद्यार्थी पाठ्यपुस्तकच उतरवून काढणार.”

शेतकरी मित्राला हे पटले नाही. आमचा सगळा भाग खारपाणपट्ट्यात येतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या या पट्ट्यात विहीर खोदली तरी पाणी खारे लागते, त्याने ओलित करता येत नाही आणि काळी जमीन त्या पाण्याने चिवट होऊन बसते. म्हणून आमच्याकडे हरभरा बहुतांशी जमिनीत उरलेल्या ओलीवर येतो. “माझ्या बापाने विचारलं, मी विचारतो, आता माझा पोरगा विचारतो की आपल्या विहिरीचं पाणी खारं काहून आहे,” तो म्हणाला, “आणि विज्ञानाची पोरं प्लास्टिक प्रदूषणावर चित्रं चिकटवून आणतात. पाणी तपासलंच तर एका बाटलीचं तपासतात.” पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात, हे त्याला तोंडपाठ होते. वीस विहिरी घ्याव्यात, प्रत्येकीची खोली लिहावी, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर मोजावे, आणि कोणत्या खोलीवर खारेपणा वाढतो ते नकाशावर मांडावे, एवढेच त्याचे मागणे होते. मला ते मागणे अतिशय रास्त वाटले.

मी माझ्या विषयाकडे वळलो, कारण मला बऱ्याच दिवसांपासून हे बोलायचे होते. आमच्याच जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात तेथे म्हाइंभटांनी महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी जमवून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्यांची पद्धत पाहिली की मान आदराने लवते. ज्यांनी स्वामींना प्रत्यक्ष पाहिले होते त्यांच्याकडे ते गेले, त्यांना विचारले, ऐकलेले लिहून घेतले आणि स्वामींचे पट्टशिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घेतले. कोणत्या गावी, कोणासमोर, कोणत्या प्रसंगी स्वामी काय बोलले, याचा तपशील त्यामुळे टिकला. गावोगाव हिंडून, माणसे विचारून आणि ऐकलेले तपासून घेऊन केलेले हे काम जर संशोधन नसेल, तर संशोधन म्हणावे कशाला? त्याच मातीतल्या मराठीच्या विद्यार्थ्याला आपल्या आजीच्या तोंडची वऱ्हाडी, जिच्यात डोळ्याचा ‘डोया’ आणि केळीची ‘केयी’ होते, अभ्यासायला द्यावीशी कोणाला वाटत नाही. कोणत्या वयाच्या माणसांत हा ‘य’ अजून टिकून आहे आणि शाळेत गेलेल्या मुलांत तो कुठे मावळला, हे एका गावात वहीपेन्सिलीने नोंदवता येण्यासारखे काम आहे.

“एका गावावरून काय सिद्ध होतं?” सरांनी विचारले. त्याला मी गडचिरोलीचा दाखला दिला. राणी आणि अभय बंग या डॉक्टर दांपत्याने तिथल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली आणि त्यांतल्या 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे त्यांना आढळले. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि स्त्रीचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, या समजाला त्याने जगभर धक्का दिला. गावे दोनच होती; पण त्या स्त्रियांना तोवर कोणी विचारलेच नव्हते.

सर क्षणभर गप्प राहिला आणि मग त्याने जे सांगितले ते मला आजही मान्य आहे. “तू अर्धंच सांगतोस,” तो म्हणाला. “ती दोघं गडचिरोलीला जाण्याआधी जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आली होती. मोजायचं कसं हे त्यांना येत होतं. आपल्या गावावर माया आहे म्हणून संशोधन होत नाही. माया असलेला माणूस तर पुरावा आधीच वाकवतो.” यावर शेतकरी मित्र चिडला आणि दोघांत बराच वेळ वाजले. माया नसलेला माणूस चाळीस वर्षांत इकडे फिरकला नाही, असे याचे म्हणणे, आणि फिरकला असता तरी मोजमापाशिवाय काही हाती लागले नसते, असे त्याचे.

पुतणी तोवर ऐकत होती. तिने झेरॉक्सवाल्याला विचारले, “काका, तुमच्याकडे सगळ्यात जुना कागद कोणता येतो?” तो लगेच म्हणाला, “कोतवाल बुक.” जातपडताळणीसाठी लोक आजोबा-पणजोबांच्या जन्ममृत्यूच्या नोंदीची नक्कल तहसीलमधून काढतात आणि तिच्या प्रती त्याच्याकडे करतात. नोंदीत तारीख, नाव, जात असते. मृत्यूची नोंद असेल तर वय आणि कारणही असते. त्याने सहज पुढे सांगितले की 1918 सालच्या मृत्यूंच्या पानांत ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’ असे ओळीने लिहिलेले त्याने पाहिले आहे.

सर पाराच्या कठड्यावरून उठून उभाच राहिला. ती इन्फ्लुएन्झाची साथ होती. 1918 च्या पावसाळ्याच्या अखेरीस तिची दुसरी, भयंकर लाट आली. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा भाग देशात सर्वांत जास्त होरपळलेल्यांपैकी होता. 1911 च्या जनगणनेत आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या सुमारे 25.2 कोटी होती, ती 1921 मध्ये 25.1 कोटी भरली. दशकात लोकसंख्या घटण्याचा असा प्रसंग त्यानंतर आला नाही. एरवी साथीत लहान मुले आणि म्हातारी माणसे जातात. या साथीत ऐन विशीतिशीतली माणसे गेली, आणि हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रियांचे मृत्यू अधिक झाले. “मग आपल्या गावात तसंच घडलं का?” पुतणीने विचारले. यादीतल्या एकाही विषयाने तिच्या तोंडून असा प्रश्न काढला नव्हता.

पुढचा तासभर सरांनी तिला काम कसे करायचे ते सांगितले आणि तोच त्या संध्याकाळचा सर्वांत चांगला भाग होता. नुसते 1918 पाहून चालणार नाही. आधीची तीन आणि नंतरची दोन वर्षे महिनावार मोजावी लागतील, कारण नेहमी किती माणसे जात होती हे कळल्याशिवाय जास्त किती गेली ते कळत नाही. ‘ताप’ या शब्दात हिवतापापासून सगळे येते, म्हणून कारणाच्या रकान्यापेक्षा एकूण आकड्यावर आणि वयावर भर द्यावा. 1919 चे जन्मही मोजावेत, कारण साथीनंतर ते घटतात. नोंद करणारा कोतवाल स्वतः आजारी पडला असेल, तर ऐन साथीतल्या नोंदी कमीच असतील. तेव्हा मिळालेला आकडा खऱ्यापेक्षा लहान आहे असे धरावे. काही पाने मोडीत असू शकतील, तर मोडी वाचायला शिकावे. आणि प्रबंधात घराण्यांची नावे छापू नयेत, केवळ वय, लिंग आणि महिना घ्यावा, कारण त्या माणसांची नातवंडे-पतवंडे आजही याच गावात राहतात.

गावे किती घ्यावीत यावर मात्र एकमत झाले नाही. सरांच्या मते निदान तीन हवीत, त्यांतले एक बाजाराचे असावे, म्हणजे माणसांच्या येण्याजाण्याने साथ कशी पसरली ते दिसेल. माझ्या मते चार महिन्यांत एका गावाची सहा वर्षे नीट मोजली तरी पुष्कळ होते. तीन गावांची घाईने मोजली तर पुन्हा पाने भरण्याचेच काम होईल. पुतणीने यादीच्या पाठीमागे लिहिले : ‘1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ : कोतवाल बुकातील मृत्युनोंदींचा अभ्यास (1915 ते 1920)’. गावाच्या नावासाठी जागा कोरी ठेवली.

सोमवारी विषय देऊन झाला की तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज द्यायचा असे ठरले, आणि नोंदी पाहण्याची परवानगी मिळावी म्हणून सर सोबत जाणार आहे. शेतकरी मित्र जाता जाता तिला म्हणाला, “तुझं झालं, बाई. माझ्या विहिरीचं काय?” त्याचा प्रश्न खरा आहे. माझ्या शाळेत दहावीला यंदा 41 मुले आहेत, आणि प्रत्येकाच्या घरी किंवा शेजारी एक विहीर आहे. क्षार मोजण्याचे साधे यंत्र शाळेच्या प्रयोगशाळेसाठी घेता येईल का, ते मी उद्या मुख्याध्यापकांना विचारणार आहे.